आप्पांच्या सॅन स्टॉर्मच्या सीटा: बदलू की त्याच भरून घेऊ?

टिळकवाडीची_लाल_गाडी

नमस्कार मंडळी. गाडी आमच्या आप्पांची. सॅन स्टॉर्म, २००१ ची, लाल. नवीन पोरांना नावही माहीत नसेल म्हणून सांगते: गोव्यात तयार झालेली दोन सीटांची गाडी, बॉडी फायबरची, वर कापडी टप, पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. आप्पांनी ती मडगावहून सेकंडहँड घेतली आणि चोर्ला घाटातून स्वतः चालवत बेळगावात आणली. मी तेव्हा नववीत होते. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न ऐकून आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली होती.

इंजिनाची काही तक्रार नाही. आतून मात्र गाडीची दैना झालीय. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जिच्यावरून सरकत आत बसावं लागतं, तिथलं रेक्झिन गेलं आहे आणि आतला फोम पिवळा पडून त्याची भुकटी होतेय. आप्पा गाडीतून उतरले की त्यांच्या पँटीला मागून हळदीसारखी पूड लागलेली असते. पायरीवर उभं राहून ती झटकतात आणि मगच घरात येतात. मांडीखाली फ्रेमची सळई लागते. दारांचे पॅड खालून फुगलेत, डाव्या दाराचा तर पुठ्ठाच बाहेर आलाय. डॅशबोर्डवरचं काळं रेक्झिन काचेजवळ उचललंय. पावसाळ्यात आत बुरशीचा वास असतो.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात ड्रायव्हर सीटला नवं रेक्झिन घालून घेतलं होतं. नवं कव्हर नीट बसेना म्हणून त्या माणसाने मूळचा फोमच ब्लेडने तासला. एका उन्हाळ्यात शिलाई उसवली, तीही दोऱ्यापाशी नाही, शेजारचं रेक्झिनच सरळ रेषेत फाटलं. डावी सीट तेवढी मूळची आहे, तिला कुणी हात लावलेला नाही.

आप्पा ६८ वर्षांचे. मणक्यातली गादी सरकलीय, त्यामुळे अर्ध्या तासावर बसवत नाही. पूर्वी दर पावसाळ्यात आंबोलीला जायचो, ते तीन वर्षं बंद आहे. माझा विचार असा की सरळ चांगल्या बकेट सीटा बसवाव्यात. आप्पा म्हणतात, “सीट बदललीस तर मी त्या गाडीत बसणार नाही. ती दुसऱ्याची गाडी होईल.” मला त्यांना परत आंबोलीला न्यायचंय, बाकी काही नको. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. पुढच्या वर्षी पासिंगही आहे. कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

पालिओ_हुबळी

ताई, मी माझ्या पालिओ १.६ मध्ये बकेट सीटा बसवल्यात, पुण्याहून जुन्या आणून. वळणावर अंग जागचं हलत नाही, मला फार आवडतात. तरीही तुमच्यासाठी सुचवणार नाही. बकेट सीटच्या कडा उंच असतात. आत शिरताना एका मांडीवर सगळा भार देऊन कंबर पिळत खाली बसावं लागतं. गेल्या दिवाळीत माझ्या काकांना स्टेशनवरून आणलं, तर त्यांना उतरवायला दोघं लागलो. मणक्याच्या माणसाला ते नकोच.

दुसरं, तुमची गाडी अरुंद आहे. मधला बोगदा (दोन सीटांच्या मधला फरशीचा उंचवटा) आणि दाराचा उंबरा यांच्यात किती जागा आहे ते टेपने मोजा. हल्लीच्या बहुतेक सीटा त्यात बसणार नाहीत. बसल्या तरी पाया उंच असतो, मग टप लावल्यावर डोकं कापडाला टेकतं आणि नजर काचेच्या वरच्या पट्टीत अडकते.

पासिंगचं म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवावी लागते हे तुम्हाला माहीत आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीने दिलेल्या रचनेत बदल दिसला की इन्स्पेक्टर प्रश्न विचारतात. मूळ सीटा ठेवून नुसतं कुशन नवं केलंत तर तो विषयच निघत नाही.

निपाणी_कुशन

अक्का, माझं निपाणीत कुशनचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी तीस वर्षं मशीनवर बसतोय. हायवेवरच्या ट्रकांची, ट्रॅक्टरांची, जीपांची कुशनं हेच रोजचं काम. तुमचे आप्पा बरोबर बोलालेत. सीट बदलू नका.

पहिली गोष्ट, डाव्या सीटला कुणाला हात लावू देऊ नका. तोच तुमचा नकाशा. उजव्या सीटचा मूळ आकार त्या ब्लेडवाल्याने घालवला, पण डावी तिचीच आरशातली जोड आहे. तिच्यावरून पुठ्ठ्याचे साचे काढायचे आणि उलटे ठेवून उजवीचे तुकडे कापायचे. कडेचा उंचवटा किती, मांडीखाली उतार किती, पाठीला फुगवटा कुठे, सगळं तिच्यात लिहिलेलं आहे.

तुमचं रेक्झिन कसं फाटलं ते तुम्ही लिहिलंयच, फक्त कारण सांगितलेलं नाही. टाके फार जवळ घातले होते. दिसायला बारीक शिलाई छान वाटते, पण सुई प्रत्येक टाक्याला भोक पाडते. भोकं जवळजवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेषाच तयार होते. सीटला चार मिलिमीटरचा टाका पाहिजे, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो. जिथे अंग घासतं त्या कडेला दुहेरी शिलाई आणि आतून पट्टी.

आता कमरेचं. लोक म्हणतात मऊ फोम घाला, म्हातारा माणूस आहे. तसं करू नका. मऊ फोमात माणूस खाली जातो, ढुंगण गुडघ्यांच्या खाली येतं आणि कंबर कमान सोडून मागे वाकते. तिथेच दुखायला लागतं. खाली एक इंच रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला, ८० डेन्सिटीचा. त्यावर दीड इंच ४० डेन्सिटीचा. सगळ्यांत वर अर्धा इंच मऊ, तो फक्त अंगाला बरं वाटावं म्हणून. एक ध्यानात ठेवा, डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणा वेगळा. एकाच डेन्सिटीत मऊ आणि कडक दोन्ही येतात. म्हणून दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, तुकडा जमिनीवर ठेवून गुडघ्याने दाबून बघा. जमीन लागली तर तो फोम नको.

फोमच्या खाली काय आहे तेही बघा. फ्रेमवर रबरी पट्टे किंवा स्प्रिंगा असतात. सळई मांडीला लागते म्हणजे पट्टे लोंबलेत. ते तसेच ठेवून वर कितीही फोम घातला तरी सहा महिन्यांत खड्डा पडणार. बहुतेक लोकांचे पैसे इथेच वाया जातात, कारण पट्टे कुणाला दिसत नाहीत. पाठीचे पट्टे नवे घालताना बेंबीच्या पातळीवरचे दोन जरा जास्त ताणून बसवायचे. आप्पांच्या कमरेला आधार तिथून मिळेल, वेगळी उशी लागणार नाही.

सीट काढाल तेव्हा बोल्टकडे लक्ष द्या. बेल्टचं बक्कल सीटच्या फ्रेमला लावलेलं असेल, तर अपघातात माणसाच्या वजनाचा मोठा भार त्या चार बोल्टांवर येतो. गंजलेले परत घालू नका. डोक्यावर ८.८ कोरलेले नवे घ्या, तुमच्या उद्यमबागेत कुठल्याही बोल्टच्या दुकानात मिळतील. आणि बोल्ट नुसत्या फायबरमध्ये धरलेला दिसला तर खालून जाड लोखंडी पट्टी दिल्याशिवाय आवळू नका. फायबर चेपतं, चिरतं आणि बोल्ट वॉशरसकट वर येतो.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आप्पांना घेऊन या. फोम बसवला की शिलाईच्या आधी जुनी चादर टाकून सीट गाडीत ठेवायची. त्यांनी स्टिअरिंग धरून, पाय क्लचवर ठेवून अर्धा तास बसायचं. मी शेजारी स्टूल टाकून बसतो. जिथे टोचेल तिथे खडूने खूण करायची, मग तिथला फोम काढायचा किंवा वाढवायचा. कव्हर शिवल्यावर हे करता येत नाही.

कणकुंबी_रोड

सीटचं उत्तर मिळालंच आहे. मी पाण्याचं सांगते, कारण आमच्या खानापूर भागात पावसाने गाड्या आतूनच जातात. बुरशीचा वास आणि फुगलेले दारांचे पॅड हा एकाच दुखण्याचा पुरावा आहे. ते आधी बरं करा, नाहीतर नवा फोमही दोन पावसाळ्यांत कुजेल.

दारात पाणी जाणं चुकीचं नाही. काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या पोटात जातंच आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं चिखलाने बुजली की पाणी आत साठतं. दाराची खालची कड हाताने चाचपा, भोकात स्कूटरच्या ब्रेकची जुनी तार घाला. आमच्या गाडीच्या दारातून पहिल्यांदा तार घातल्यावर चहाच्या पातेलंभर तांबडं पाणी आलं होतं. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, तोही तुमच्याकडे फाटला असणार. त्याच्या जागी जाड पॉलिथिन वरून आणि दोन्ही बाजूंनी चिकटवून बसवा, खालची कड दाराच्या आत सोडून, म्हणजे पाणी आतच उतरेल.

पॅडला परत पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड नको. तीन मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, कडांना आणि स्क्रूच्या भोकांना आतून वॉर्निश मारा. कापण्याआधी जुना पॅड वर ठेवून सगळी भोकं पेन्सिलने उतरवून घ्या.

टप कुठे गळतो ते मग्याने पाणी ओतून बघा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने आधी काचेची खालची पट्टी, मग बाजू, मग वर असं ओतायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून उतरतं आणि काहीच कळत नाही.

टिळकवाडीची_लाल_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी आप्पा आणि मी दोघंही गाडीखाली होतो, म्हणजे मी खाली आणि ते खुर्चीवर बसून सूचना देत. बोगदा ते उंबरा साडेअठरा इंच. म्हणजे बकेट सीटचा विषय संपला. बोल्ट लोखंडात बसलेत, पण मागचे दोन गंजून डोकी गोल झालीत. बक्कल सीटलाच आहे. ते वाचून दाखवल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “इतकी वर्षं तुझी आई त्या डाव्या सीटवर बसत होती.” आता ते चारही नव्हे, आठही बोल्ट बदला म्हणतात.

दोन्ही दारांची भोकं बुजलेली होती. डाव्यातून पाणी आलं, उजव्यातून नुसता गाळ.

अजून दोन प्रश्न. एक, आप्पांचे एक मित्र अथणीचे आहेत, ते म्हणाले की तिकडचं चपलांचं चामडं घालून सीटा करा, जन्मभर टिकतील. करावं का? आणि डॅशबोर्डचं रेक्झिन चिकटवता येईल की सगळंच काढावं लागेल?

निपाणी_कुशन

अथणीचं चामडं उत्तमच, त्यात वाद नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, आणि ते आपल्या कारागिरांच्या हाताचं यश आहे. पण ते चामडं सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, पायाखाली घट्ट राहावं म्हणून. सीटला घडी पडणारं, ओढलं की ताणणारं चामडं लागतं, ते क्रोमच्या क्षारात कमावलेलं असतं. चपलेचं चामडं सीटच्या कोपऱ्यावर वळतच नाही. भिजून वाळलं की कडक होतं, आणि टपाच्या गाडीत ते कधीतरी भिजणारच.

तरी त्या मित्रांना नाही म्हणू नका. दार ओढायला आतून पट्टा असतो ना, ते दोन पट्टे त्यांच्याकडून करून घ्या. सव्वा इंच रुंद, दोन थर एकमेकांवर शिवलेले. तिथे हेच चामडं पाहिजे. हाताच्या तेलाने वर्षभरात असा रंग धरेल की बघत राहाल. सीटला मात्र चांगल्या जाडीचं, मागे कापड असलेलं रेक्झिन घ्या, आणि मधल्या भागाला हवा खेळणारं जाळीचं कापड. उन्हात उभ्या गाडीत उघड्या मांडीला चटका बसत नाही.

डॅशबोर्ड काढू नका. जुनं प्लास्टिक आणि क्लिपा काढताना तुटतात, आणि या गाडीला नव्या कुठून आणणार? उचललेल्या भागाखालची धूळ ब्रशने काढा, हेअर ड्रायरने रेक्झिन कोमट करून मऊ करा, दोन्ही बाजूंना रबरी सोल्युशनचा पातळ हात द्या. पांढरा डिंक नको. बोटाला चिकटणं थांबेपर्यंत थांबा आणि मगच दाबा. घाई केली की उन्हात परत उठतं. त्याआधी महिनाभर डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश लावू नका, त्यातल्या सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही.

येताना गाडी चालवतच आणा, फक्त उजवी सीट काढू. डावी तशीच राहू दे, तिचं काम उजवी पूर्ण झाल्यावर. आणि जुन्या फोमचे तुकडे गाडीत कुठे पडले असतील, सीटखाली, कार्पेटवर, ते झाडून टाकू नका. पिशवीत घालून आणा. दाराकडची कड मूळची किती उंच होती ते एखाद्या तुकड्यावरून सापडतं.