लेकर म्हणजे नेमकं काय?

वेंगुर्ल्याचा_बाब्या: काल पडक्या डच वखारीपाशी एक डच जोडपं भेटलं, सोलकढी प्यायले तर लेकर, वारा सुटला तर लेकर, बाकावर डुलकी काढली तीपण लेकर, मला वाटलं यांचं लेकरू हरवलं की काय 😄 मूळ काय याचं?

खाजं_खाऊ: लिकन म्हणजे चाटणे, त्यातलाच. जुन्या डचमधे लेकर म्हणजे चटोर माणूस, मग चविष्ट पदार्थ, आता हवा झोप काहीही. आपण नाही का गोड झोप म्हणत.

माडावरचा: इंडोनेशियात हातगाडीवर कुरकुरीत गोड धिरडं मिळतं, त्याचं नावच लेकर, डचांमागे राहिलेलं.

वेंगुर्ल्याचा_बाब्या: आणि नवऱ्याने बिलावरून कटकट केली तर बाई "लेकर बलांगरेइक" म्हणाल्या?

खाजं_खाऊ: टोमणा तो! "मोठ्ठं महत्त्वाचं लागून गेलंय" 😂