सल्ला हवा: मौखिक इतिहासाच्या जुन्या मुलाखती विद्यापीठाच्या अभिलेखागारात कशा जपायच्या?

अर्धविराम

नमस्कार मंडळी.

मी एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात काम करते. आमच्याकडे मुलाखतींचा जुना साठा आहे. कामगार, शिक्षिका, लोककलावंत, विस्थापित कुटुंबं अशा बऱ्याच लोकांच्या आठवणी विभागातल्या एका सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेळोवेळी ध्वनिमुद्रित केल्या. सर आता निवृत्त आहेत. साठ्यात बहुतेक कॅसेट आहेत, थोडी जुनी रिळं, काही मिनीडिस्क, पुढच्या काळातल्या सीडी आणि अलीकडे मोबाईलवर घेतलेल्या फाइली. विद्यापीठाचं अभिलेखागार म्हणतंय, ‘डिजिटल करून द्या, आम्ही ठेवतो.’ विभागप्रमुखांना सगळं लगेच संकेतस्थळावर हवंय.

प्रश्न असे: कॅसेटसाठी यंत्र कोणतं घ्यावं? एमपी३ चालेल का? प्रती किती आणि कुठे ठेवायच्या? आणि संकेतस्थळावर सरसकट टाकता येईल का? संमतिपत्रं काहींची आहेत, काहींची नाहीत. बरेच बोलणारे आता हयात नाहीत. पैसे बेताचेच आहेत.

चटपटीत

एवढं काय त्यात? यूएसबीवाला कॅसेट प्लेअर घ्या, एमपी३ करा, क्लाउडवर टाका. सुट्टीत विद्यार्थी बसवले तर काम उरकेल.

रिळवाला

चटपटीत, घरच्या गाण्यांच्या कॅसेटला तुमची पद्धत चालेल. इथे मात्र तीच फीत पुन्हा वाजवायची संधी मिळेलच असं नाही, हे धरून चालायचं असतं. नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्ह या ऑस्ट्रेलियाच्या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं होतं की चुंबकीय फितींवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतेक गेलं असं समजा. फिती तोवर सडतील एवढाच त्याचा अर्थ नव्हता. वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत, ही खरी अडचण आहे.

तो स्वस्त यूएसबी प्लेअर मुळीच घेऊ नका. त्याचा वेग हलतो, हेड सुमार असतं आणि आतला डिजिटल भाग यथातथाच. त्यापेक्षा जुना पण चांगल्या कंपनीचा, तीन हेडचा डेक शोधा, जाणकाराकडून पट्टे आणि रबरी रोलर बदलून घ्या आणि सोबत वेगळा २४ बिटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज डिजिटल करून संगणकात देणारा डबा, जोडा. पैसे कमी असले तरी ते इथेच घाला.

कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेच्या दोन्ही खिट्या तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही मुद्रित होणार नाही. आतली छोटी गादी निखळली असेल तर फीत नव्या स्क्रूवाल्या खोक्यात घालून घ्या. सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांच्या, कॅसेटींशी फार जपून वागा. त्यांची फीत सुमारे ९ मायक्रॉन जाडीची असते, सी-६० च्या जवळजवळ निम्मी. ती भरभर पुढे-मागे पळवली की गुंततेच. आणि प्रत्येक कॅसेटला अ‍ॅझिमथ जुळवा, म्हणजे हेडचा कोन फितीवरच्या नोंदीशी जुळेल इतपत स्क्रू फिरवा. आवाज मोनो करून ऐका आणि ‘स’, ‘श’ जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. ही दोन मिनिटं वाचवली तर बोलणाऱ्याचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा कायमचा बसतो, आणि पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने तो नीट उघडत नाही.

फील्डवरच्या छोट्या रेकॉर्डरची बॅटरी उतरत आली की फीत हळू चालायची. अशी मुलाखत आज वाजवली की माणूस बारीक आवाजात घाईघाईने बोलतोय असं वाटतं. मूळ प्रत जशी आहे तशीच घ्या, वेग दुरुस्त करायचा तो ऐकण्याच्या प्रतीत. खरखर काढण्याचंही तेच. मागचा भोंगा, स्वयंपाकघरातली भांडी, मध्येच डोकावणारी सून हाही पुरावाच आहे.

वेळेचा हिशेब: एका तासाच्या फितीला साफसफाई आणि नोंदी धरून तीन तास धरा. ‘सुट्टीत उरकेल’ वाल्यांना हे आधी सांगून ठेवा.

शून्यएक

फॉरमॅटचं सांगतो. ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएसएची, टीसी-०४ नावाची मार्गदर्शिका आहे. दुसरी आवृत्ती २००९ ची, आंतरजालावर मोफत वाचता येते. त्यात किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगितलंय, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा. मी ९६/२४ घ्या म्हणेन. फाइल ब्रॉडकास्ट वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी वेव्हच, पण तारीख, मूळ फितीचा क्रमांक वगैरे फाइलीच्या पोटातच लिहिता येतं. त्यासाठी बीडब्ल्यूएफ मेटाएडिट हे मोफत साधन आहे. ९६/२४ ला मोनोचा एक तास साधारण १ जीबी होतो, स्टिरिओचा २ जीबीच्या किंचित वर. म्हणजे दोनशे तासांची स्टिरिओ मुद्रणंसुद्धा अर्ध्या टीबीत मावतात. जागेच्या भीतीने एमपी३ करायचे दिवस गेले. एमपी३ फक्त ऐकवायला.

मोबाईलच्या फाइलींना मात्र हा नियम लावू नका. त्या एम४ए असोत की एएमआर, तशाच्या तशा ठेवा. वेव्ह केल्याने फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. हवी तर वेव्ह प्रत जोडीला ठेवा. त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून न मागवता केबल लावून थेट फोनमधून घ्या. तिथून आलेल्या फाइलीत तारीख आणि मूळ नाव राहीलच असं नाही, वर आवाजही आणखी दाबला गेलेला असू शकतो.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावात. रेड (एकच माहिती अनेक डिस्कवर राखणारी रचना) लावलेला सर्व्हर ही एकच प्रत धरायची. कोणी फोल्डर उडवलं तर रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून ते एकदमच उडतं. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी अंक-अक्षरांची खूण, काढा, एसएचए-२५६ चालेल, आणि ठरावीक काळाने पुन्हा ताडून बघा. अभिलेखागाराकडे देताना बॅगइट पद्धतीने बांधा. फाइली, त्यांची यादी आणि चेकसम एकाच गाठोड्यात जातात, त्यामुळे पोचलेलं गाठोडं पूर्ण आहे की नाही ते लगेच कळतं.

सीडी आधी उतरवा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर कधी दगा देईल ते बाहेरून ओळखू येत नाही. मिनीडिस्कसाठी सोनीचं २००६ सालचं एमझेड-आरएच१ कोणाकडे मिळतं का बघा. जुन्या डिस्कवरची मुद्रणं ते यूएसबीवरून थेट संगणकात देतं. बाकी यंत्रांवर ती वाजवत वाजवतच घ्यावी लागतात.

दप्तरबंद

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. पण अर्धविराम, तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेईन.

फीत अजून काही महिने थांबेल, संकेतस्थळावर गेलेला आवाज परत येत नाही. ज्याने वीस-तीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यासमोर घरचं भांडण, शेजाऱ्याची चोरी, मालकाचं नाव सांगितलं, त्याने ते जगासमोर सांगितलेलं नाही. आंतरजालावर टाकू का, असं तेव्हा त्याला कोणी विचारलंच नव्हतं, मग त्याची संमती कुठून येणार?

बॉस्टन कॉलेजचं प्रकरण विभागप्रमुखांना वाचायला द्या. २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती तिथल्या प्रकल्पाने घेतल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे उघड होणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये समन्स आलं, कोर्टकचेरी झाली आणि २०१३ मध्ये काही ध्वनिमुद्रणं तिकडच्या पोलिसांच्या हाती गेली. संग्राहकाने दिलेला शब्द कायद्यापुढे टिकेलच असं नसतं. म्हणून संमतिपत्रात ‘पूर्ण गुप्तता’ कधीही लिहू नका, ‘कायद्याच्या मर्यादेत’ असं लिहा.

करायचं काय? प्रत्येक मुलाखतीला एक दर्जा द्या: खुली, वाचनकक्षातच ऐकण्याची, ठरावीक वर्षांपर्यंत बंद. कागद नसलेली मुलाखत आपोआप मधल्या दर्जात जाते. बोलणारा हयात असेल तर नवी संमती घ्या, नसेल तर वारसांशी बोला. कोणाशी, कधी, काय बोलणं झालं याची नोंद ठेवा, वारस सापडले नाहीत तर शोध कसा घेतला तेही लिहा. बोलणाऱ्याच्या शब्दांवरचा स्वामित्वहक्क बऱ्याच देशांत त्याचाच असतो, त्यामुळे विद्यापीठाच्या विधी विभागाला एकदा तरी विचाराच. कोणी हरकत घेतली तर मुलाखत आधी खाली उतरवायची आणि चर्चा मग, हे संकेतस्थळावर ठळक लिहा.

बोरूबहाद्दर

शब्दांकनाबद्दल कोणीच बोललं नाही. कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू केला. तिथे सुरुवातीच्या काळात टंकलिखित प्रत तयार झाली की फीत पुसून पुन्हा वापरली जायची, कारण कागद हाच खरा दस्तऐवज मानत. बोलणाऱ्याचा हेल, अडखळणं, मध्येच गप्प होणं, सगळं त्यात गेलं. तेव्हा शब्दांकन झालं म्हणून मूळ फिती टाकू नका. डिजिटल झालं म्हणूनही नाही.

यंत्राकडून शब्दांकन जरूर करून घ्या, पण पहिला कच्चा खर्डा म्हणूनच. व्हिस्परसारखं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालवता येतं, त्यामुळे बंद दर्जाच्या मुलाखती बाहेरच्या सर्व्हरवर पाठवाव्या लागत नाहीत. बोलीभाषेत ते गडबडतं आणि शांतता लांबली की कधी कधी न बोललेली वाक्यं स्वतःच घालतं. माणसाने ऐकत ऐकत तपासलं नसेल तर पानावर ‘न तपासलेलं’ असा शिक्का हवा.

सगळ्यांचं शब्दांकन जमणार नसेल तर ओएचएमएस बघा. केंटकी विद्यापीठाच्या नन केंद्राने बनवलेलं हे साधन मोफत आहे. ‘मिनिट १२: संपाचे दिवस’, ‘मिनिट ३१: आईची ओवी’ अशी विषयसूची केली की टिचकी मारून थेट तिथला आवाज ऐकता येतो. शब्दांकनाच्या मानाने फार कमी वेळात होतं.

अर्धविराम

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! चटपटीत, तुमच्यामुळेच एवढी माहिती निघाली, तेव्हा तुमचेही आभार :)

दोन शंका. एका रिळाच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येतोय. आणि सापडलेल्या बऱ्याच संमतिपत्रांवर एवढंच आहे: ‘माझी मुलाखत संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही.’ हे पुरे का?

रिळवाला

वासाचं रीळ आजच बाकीच्यांपासून वेगळं करा. ते अ‍ॅसिटेटचं असणार. हा फितीच्या प्लॅस्टिकचा एक जुना प्रकार. रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या फितीतून उजेड झिरपला तर अ‍ॅसिटेट, काळंकुट्ट दिसलं तर पॉलिएस्टर. अ‍ॅसिटेट आक्रसतं, वेडंवाकडं होतं आणि हा बिघाड परत फिरवता येत नाही, त्यामुळे रांगेत त्याचा नंबर पहिला. थंड, कोरड्या, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा आणि स्वतः वाजवू नका, जाणकाराकडे द्या.

फीत मंद आचेवर तापवायची, असं कुठेतरी वाचाल. तो उपाय वेगळ्या रोगावरचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर फितींचा चिकट थर दमटपणाने सुटतो, त्या साधारण ५० ते ५५ अंशांवर काही तास ठेवतात, तेही प्रयोगशाळेतल्या भट्टीत. अ‍ॅसिटेटला ती उष्णता दिलीत तर उरलंसुरलंही जाईल. फितीवर बुरशी दिसली तर मास्क लावा आणि त्या यंत्रावर मग दुसरी फीत साफसफाई केल्याशिवाय चढवू नका.

दप्तरबंद

त्या एका ओळीवर वाचनकक्षात संशोधकाला ऐकवता येईल. संकेतस्थळासाठी मी ती अपुरी मानेन.

आणि यंत्र घ्यायच्याही आधी एक काम. सर निवृत्त आहेत म्हणालात, म्हणजे भेटू शकतात. त्यांच्यासमोर यादी घेऊन बसा. कॅसेटवर नुसतं ‘आजी, भाग २’ लिहिलेलं असतं. ती आजी कोण, मुलाखत कोणी घेतली, कुठल्या साली, मध्ये दुसरा आवाज कोणाचा, रेकॉर्डर बंद करायला सांगून काय बोलणं झालं आणि तोंडी काय कबूल केलं होतं, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या टिपणवह्या आणि पत्रव्यवहारही मागा, त्याही मुलाखतींसोबतच अभिलेखागारात जायला हव्यात. आणि या बैठकांचंही ध्वनिमुद्रण करा, सरांकडून संमतिपत्र घेऊन.

चटपटीत

बरं बाबा, यूएसबी प्लेअर रद्द. वाचनखूण साठवली आहे. आमच्या आजोबांच्या चार कॅसेट कपाटात पडल्यात, त्यांच्या खिट्या आधी तोडतो.