न्यूयॉर्कमध्ये होमस्कूलिंग : नंतर गिफ्टेड वर्गाचा अर्ज करता येतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. मुलगा सप्टेंबरमध्ये पहिलीत जाईल. गिफ्टेड अँड टॅलेंटेडसाठी (सरकारी शाळांतले पुढे असलेल्या मुलांचे वेगळे वर्ग) प्री-केच्या, म्हणजे बालवाडीच्या बाईंनी नाव सुचवलं होतं, पण सोडतीत नंबर लागला नाही. वेटिंग लिस्टही हलली नाही. वर्गात वीसपर्यंत मोजणी चालते, तेव्हा हा वहीच्या मागच्या पानावर हातच्याच्या बेरजा करत बसतो. आताच्या वर्गाच्या बाईंशी बोललो, त्यांनी जास्तीच्या वर्कशीट दिल्या. त्या डब्याच्या सुट्टीआधीच संपतात. खासगी शाळा परवडणार नाही, घर बदलणंही शक्य नाही. मी एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) घरीच असते, म्हणून आता होमस्कूलिंग, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवणं.

लेटर ऑफ इंटेंट (घरी शिकवणार असल्याचं कळवणारं पत्र), आयएचआयपी (घरी काय शिकवणार त्याचा आराखडा), दर तिमाहीचा रिपोर्ट, वर्षाला ९०० तास हे सगळं वाचलंय, त्यामुळे नियमांच्या लिंक नकोत. (आणि ‘मित्र कसे मिळतील’ हेही कृपया नको, सासूबाई रोज विचारतात.)

अडलंय ते इथे: तिसरीच्या गिफ्टेड वर्गासाठी मुलाचे शाळेतले ग्रेड बघतात. घरी शिकलेल्या मुलाचे ग्रेड कुठून आणायचे? वर्षअखेरीचं मूल्यमापन सर्टिफाइड टीचरकडून लिहून घेतलं तर चालतं, की दुसरीला परत शाळेत घालावंच लागतं? स्वतः यातून गेलेलं कुणी आहे का?