गिर्यारोहणाचा हार्नेस झाडावर चालेल का?

झाडं छाटायच्या कामाला लागताय आणि गिर्यारोहणाचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) घरात आहे, तोच वापरू का, असं विचारलंत. त्यावर दोघांनी आधीच 'चालेल' असं उत्तर दिलंय. माझं मत उलटं आहे. तो हार्नेस पडलात तर झेलायला बनवलेला असतो. आपण त्यात तासन् तास बसून करवत चालवतो. वीस मिनिटांत मांड्या बधिर होतात आणि कमरेला बाजूच्या कड्याच नसतात, मग खोडाभोवतीचा पट्टा अडकवणार कुठे? ईएन ८१३ (बसून काम करायच्या हार्नेसचं युरोपीय मानक) आणि ईएन ३५८ (खोडाला धरून काम करायच्या कमरपट्ट्याचं) दोन्ही लिहिलेला हार्नेस घ्या. घेण्याआधी दुकानातच त्यात निदान पंधरा मिनिटं लटकून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

दोराचंही तेच. गिर्यारोहणाचा ताणला जाणारा दोर नको, त्यावर चढताना निम्मी ताकद झोके खाण्यातच जाते. कमी ताणला जाणारा, साधारण १२-१३ मिमी जाडीचा घ्या; त्यावर घर्षणाची गाठ (हाताने सरकते, वजन पडलं की आवळते ती) नीट धरते. वापरलेला दोर मात्र फुकट मिळाला तरी नको. वरून धडधाकट दिसतो, आतला गाभा कुठे दबलाय हे कळत नाही.

चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) हातात असेल तेव्हा दोन ठिकाणी बांधलेलं असायलाच हवं, त्यातला एक पट्टा पोलादी तारेच्या गाभ्याचा असला तर उत्तम. (तारही चेनसॉने कापली जाते, थोडा वेळ मिळतो इतकंच.)

बुटांना लावून खोडात रोवत चढायचे काटे सध्या घेऊच नका. ते तोडायच्या झाडासाठी. जगवायच्या झाडाला प्रत्येक पावलागणिक जखम होते.