काटा हलत नाही तेव्हा

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, मग काटा हलेचना, आता तीन आठवड्यांनी सगळं सोडून द्यावंसं वाटतंय, असं तुम्ही म्हणता. कृपया सोडू नका! सुरुवातीला उतरतं त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, म्हणजे ग्लायकोजेन, त्याच्या १ ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं आणि खाणं आवरलं की आधी तो साठा कमी होतो. चरबी सावकाश जाते. शिवाय मीठ, पाळी यांमुळे वजन किलोभर इकडेतिकडे होतंच. म्हणून मी रोजच्या आकड्यावर न जाता आठवड्याची सरासरी काढते.

आणि उत्साहाची वाट बघत बसू नका, तो येतो-जातो. मी रात्रीच बूट दाराशी ठेवते, मोजे त्यातच खोचून. सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत पाय बुटात गेलेले असतात, मग मागे फिरावंसं वाटत नाही.

२१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुमचे तर आत्ताशी तीनच आठवडे झालेत.