स्पेसिफिकेशनच्या नोंदी देणाऱ्या एपीआय टूलचे दस्तऐवजीकरण: त्यात काय लिहिलेच पाहिजे?

प्रश्न

नमस्कार. आमचे पुण्यातील कार्यालय अमेरिकेतील ठेकेदारांसाठी परिमाणे काढण्याचे आणि अंदाजपत्रके तयार करण्याचे काम करते. प्रत्येक बाबीसाठी स्पेसिफिकेशनच्या (बांधकामाचे साहित्य आणि दर्जा यांच्या लेखी अटींच्या) शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये शोधाशोध करावी लागू नये, म्हणून आम्ही एक एपीआय टूल (इतर प्रोग्रॅमना माहिती पुरवणारे साधन) तयार केले आहे. त्याला प्रकल्पाचा आयडी आणि सेक्शनचा (स्पेसिफिकेशनमधील एका विषयाच्या भागाचा) क्रमांक दिला की त्या सेक्शनचे शीर्षक, रिव्हिजन (आवृत्ती), जारी झाल्याची तारीख आणि पीडीएफचा दुवा जेसन या माहिती-देवाणघेवाणीच्या स्वरूपात मिळतो. क्रमांक दिला नाही, तर सगळ्या सेक्शनची यादी पानापानांनी मिळते. आजवर हे टूल फक्त आमचे प्रोग्रॅम वापरत होते. आता ते चॅट असिस्टंटलाही जोडायचे असल्यामुळे त्याचे वर्णन माणसांप्रमाणेच असिस्टंटमागचे एआय मॉडेलही वाचणार आहे.

ओपनएपीआय या एपीआयच्या वर्णनासाठीच्या प्रमाणित पद्धतीनुसार लिहिलेल्या यामल फाइलमध्ये पॅरामीटर (टूलला द्यायच्या किमती), त्यांचे प्रकार आणि उदाहरणे भरून झाली आहेत, तरीही टूल वापरणाऱ्यांच्या शंका कमी होत नाहीत. आणखी काय लिहावे? शिवाय एक कोडे सुटत नाही: फाइलमध्ये ०३३००० असे लिहिलेले उदाहरण तयार झालेल्या पानावर १३८२४ असे दिसते, पण त्याच्याच खालचे ०९९१२३ मात्र जसेच्या तसे उमटते.

उत्तर १

आधी कोड्याबद्दल. यामल १.१ चे नियम पाळणारे पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणारे प्रोग्रॅम (पायथॉनमधील पाययामल हा त्यांपैकीच एक) शून्याने सुरू होणारी आणि ० ते ७ एवढेच अंक असलेली संख्या अष्टमान पद्धतीची समजतात. ०३३००० ही संख्या अष्टमानात धरली, तर तिची दशमान किंमत १३८२४ येते. ०९९१२३ मध्ये ९ हा अंक असल्यामुळे ती अष्टमान संख्या होऊच शकत नाही आणि मजकूर म्हणून तशीच राहते. दोन्ही उदाहरणे अवतरणचिन्हांत लिहा आणि प्रकार स्ट्रिंग (मजकूर) ठेवा, म्हणजे हा प्रश्न मिटेल. जेसनमध्ये तर शून्याने सुरू होणारी बहुअंकी संख्या नियमानुसार चालतच नाही, आणि एक्सेल सुरुवातीचे शून्य सहसा गाळून टाकते. म्हणून ‘हा क्रमांक दिसायला आकडा असला तरी तो मजकूर आहे’ हे वाक्य पॅरामीटरच्या वर्णनातच असायला हवे.

याच्याशी जोडलेली दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेतील हे क्रमांक मास्टरफॉरमॅट या वर्गीकरणातून येतात आणि २००४ साली त्याची मोठी फेररचना झाली. त्यापूर्वी १६ डिव्हिजन (मुख्य विभाग) आणि पाच अंकी क्रमांक होते. त्यानंतर ५० डिव्हिजनची चौकट आणि सहा अंकी क्रमांक आले. जागेवर ओतायच्या काँक्रीटचा जुना ०३३०० हा क्रमांक ०३ ३० ०० झाला, एवढ्यावरून मागे एक शून्य जोडले की काम भागते असा समज होतो. तो चुकीचा आहे. जुन्या १५ व्या, म्हणजे यांत्रिकी कामांच्या डिव्हिजनमधून अग्निशमन २१ मध्ये, प्लंबिंग २२ मध्ये आणि वातानुकूलन २३ मध्ये गेले, तर विद्युत कामे १६ मधून २६ मध्ये गेली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे प्रकल्प तुमच्याकडे येत असतील, तर प्रकल्प कोणत्या रचनेचा आहे हे सांगणारे फील्ड उत्तरात ठेवा. क्रमांकात मोकळी जागा ठेवलेली चालते का, आणि टिंबानंतरचे चौथ्या पातळीचे दोन अंक स्वीकारले जातात का, हेही एकेका उदाहरणासह स्पष्ट करा.

उत्तर २

मी रिव्हिजनबद्दल लिहितो, कारण खरे नुकसान तिथे होते. निविदेच्या काळात परिशिष्टे निघतात, करारानंतर वास्तुविशारदाच्या पूरक सूचना येतात, आणि त्यांतून एकाच सेक्शनच्या अनेक आवृत्त्या तयार होतात. रिव्हिजन न सांगता सेक्शन मागितला तर टूल काय देते? सर्वांत नवीन तारखेची आवृत्ती, सर्वांत शेवटी अपलोड झालेली, की करारात समाविष्ट असलेली? या तिन्ही अनेकदा वेगवेगळ्या असतात, आणि ‘चालू आवृत्ती’ या दोन शब्दांवर वाचणारा आपापल्या सोयीचा अर्थ लावतो. टूल प्रत्यक्षात कोणता नियम पाळते ते कोड उघडून तपासा आणि त्याच शब्दांत लिहा. अंदाजपत्रक करणाऱ्याला बऱ्याचदा एका ठरावीक दिवशी लागू असलेला मजकूर हवा असतो. ती सोय नसेल, तर नाही असे स्पष्ट म्हणा.

तारखेचे स्वरूपही नेमके ठरवा. ०५/०६/२०२४ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि तिकडे ६ मे. २०२४-०६-०५ या क्रमाने लिहिले की वाद उरत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. अवतरणचिन्हे घातल्यावर उदाहरण बरोबर दिसू लागले. आवृत्तीचा नियम कोडमध्ये पाहिला, तर आमचे टूल शेवटी अपलोड झालेली आवृत्ती देते. हे आता वर्णनात पहिल्याच ओळीत येईल. एक शंका अजून आहे: एखादा सेक्शन सापडला नाही, तर सध्या आम्ही रिकामी यादी परत करतो. ते योग्य आहे का?

उत्तर ३

यादी मागितली असेल तर रिकामी यादी योग्य आहे, पण विशिष्ट सेक्शन मागितला असताना ती दिशाभूल करते. प्रकल्पात तो सेक्शनच नाही, प्रकल्पाचा आयडी चुकला आहे, आणि मागणाऱ्याला परवानगी नाही, या तीन निरनिराळ्या परिस्थिती आहेत. पहिल्या दोहोंसाठी वेगवेगळ्या संदेशासह ४०४ (‘सापडले नाही’) आणि तिसरीसाठी ४०३ (‘परवानगी नाही’) हा एचटीटीपी कोड द्या. चॅट असिस्टंटच्या बाबतीत हा भेद अधिकच आवश्यक आहे, कारण रिकामे उत्तर मिळाले की मॉडेल ‘या प्रकल्पात जलरोधक थराची अट नाही’ असे छातीठोकपणे सांगून मोकळे होते आणि ती बाब अंदाजपत्रकातून गळते.

टूल काय करत नाही, हेही मॉडेलला सांगावे लागते. मी असे लिहीन: “हे टूल स्पेसिफिकेशनच्या सेक्शनची माहिती आणि पीडीएफचा दुवा देते, सेक्शनमधील मजकूर देत नाही. नकाशे, आरएफआय (माहितीसाठीची लेखी विचारणा) आणि सबमिटल (मंजुरीसाठी सादर केलेले नमुने व कागदपत्रे) यांसाठी ते वापरू नये. नोंद सापडली नाही, तर अट अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढू नये. डिव्हिजन ०१ मधील सर्वसाधारण अटी इतर सर्व सेक्शनना लागू असतात, म्हणून तेथील संबंधित सेक्शन स्वतंत्रपणे मागवावेत.” शेवटचे वाक्य अजिबात गाळू नका. आतील रंगकामाचा ०९ ९१ २३ हा सेक्शन मागवणाऱ्याला नमुने कसे सादर करायचे ते ०१ ३३ ०० मध्ये आणि पर्यायी उत्पादन कसे सुचवायचे ते ०१ २५ ०० मध्ये सापडते, आणि एका सेक्शनपुरते उत्तर देणारे तुमचे टूल ही बाब आपणहून त्याच्या लक्षात आणून देत नाही.