झुडपी जंगल राखायचं कोणी: वनखात्याने, नगरपंचायतीने की आपण?

पळसबन (धागाकर्ता)
आमचं तालुक्याचं गाव, चंद्रपूर जिल्हा. गावाला लागून झुडपी जंगलाचा पट्टा आहे: पळस, हिवर, बोर, मधूनमधून मोहा. नगरपंचायतीला तिथे तारेची जाळी मारून 'ऑक्सिजन पार्क' करायचा आहे. मियावाकी लागवड (थोड्या जागेत दाटीने झाडं लावायची जपानी पद्धत), पेव्हर ब्लॉकची वाट, सेल्फी पॉइंट. माझा विरोध आहे. पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं वनजमीनच धरायची, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २२ मे २०२५ ला दिलाय. म्हणजे 'पडीत जागा' म्हणून हात घालायची सोय उरली नाही.

वनखातं, नगरपंचायत आणि त्या जंगलात रोज जाणारे लोक यांची एकच समिती करा. काय राखायचं, कुठे चारायचं, कधी बंद ठेवायचं ते तिथे ठरू द्या. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल राखायचा, वापरायचा कायदेशीर हक्क) मिळाला, आपल्याच जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. दोन्ही गावांनी बांबू राखला आणि विकलाही. नगरपंचायत झाली म्हणून आपल्याला का जमू नये?

वॉर्ड चार
दादा, लेखा-मेंढा छोटं गोंड गाव आहे, तिथे सर्वानुमते ठरतं. आपल्याकडे बदलीवर आलेले शिक्षक, बँकवाले, भाडेकरू. ग्रामसभाही गेली. बैठकीला येणार कोण? आज त्या जंगलात दारूच्या बाटल्या, कोंबड्यांची पिसं आणि घरं पाडल्याचा मलबा पडलाय. जाळीने निदान ते थांबेल. बायांना सकाळी बिनधास्त फिरायला या गावात एक जागा नाही, हेही लक्षात घ्या.

निवृत्त वनपाल
मियावाकीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागतं. मे महिन्यात आपल्या नळाला किती पाणी येतं, सांगा. ही जमीन मुरमाड आहे. इथे पळसाच्या, धावड्याच्या बुडख्यांना आपोआप धुमारे फुटतात. दोन पावसाळे ढोरं आणि कुऱ्हाड बाहेर ठेवा, एका बुडख्यावर एक-दोन जोमदार धुमारे राखून बाकीचे छाटा. रायमुनिया (घाणेरी) मुळासकट उपटायची, तीही जमीन ओली असताना, फळं धरायच्या आत. एखादा जुना वनमजूर हे आठवड्याभरात शिकवेल.

पण समितीवर माझा भरवसा नाही. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या, म्हणजे वनखातं आणि गाव यांच्या मिळून केलेल्या समित्या मी जवळून पाहिल्यात. सचिव वनपाल, रजिस्टर त्याच्याकडे, ठराव आधीच लिहिलेला. मग आग लागली की लोक कशाला धावतील? पैशाच्या खात्यावर लोकांची सही असेल, तरच पुढे बोला.

गायकीचा पोरगा
काका, ढोरं बाहेर ठेवा म्हणता, पण कुठं? गावची जनावरं आखरावरून, म्हंजे सकाळी गोळा होतात तिथून, थेट तिकडंच जातात. निस्तार पत्रकात, म्हंजे गावाच्या वापरहक्काच्या सरकारी नोंदीत, चराई लिहून आहे. पट्ट्याचे तीन भाग करा. एक बंद, दोन खुले, पावसाळ्यापावसाळ्याले बदला. राखण आमी करू.

आगीचंही बोलतो. मोहा पडते तवा बाया झाडाखालचा पाला पेटवतात, म्हंजे फूल दिसते. त्यातच बारकी रोपं जळतात, हे आमालेही समजते. पन पाला झाडून काढाले तास जाते, तोवर दुसऱ्या झाडाचा मोहा ढोरं खाऊन जातात. झाडाखाली बांधायच्या, फूल झेलाच्या जाळ्या द्या. पेव्हरपेक्षा स्वस्त पडन, अन् कोणीच काडी लावनार नाही.

वॉर्ड चार
जाळ्यांचं मान्य, मी सभेत मांडतो. पण वणवा लागला तर पेपरात नाव नगरपंचायतीचं येणार, समितीचं नाही. जबाबदारी आमची आणि निर्णय तुमचा, हे कसं चालेल? आणि बायांच्या फिरण्याचं कोणीच बोललं नाही.

पळसबन
फिरायची वाट हवीच. रस्त्यालगतच्या कडेने मातीची करा, दिवे रस्त्याच्या बाजूला लावा. वनजमिनीत पक्कं काम करायचं तर केंद्राची मंजुरी लागते, त्यामुळे पेव्हर तसेही अडकतील. जबाबदारीचं तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच राखणीची आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायची मजुरी नगरपंचायतीच्या ठरावातून द्या. मग राखणदारही जबाबदार राहील. वनपालकाकांची सहीची अट मला मान्य आहे, आणि त्या सहीत मोहा वेचणारी एक बाई असलीच पाहिजे. तिच्याशिवायची समिती मी तरी मानणार नाही.

तहसीलमधून निस्तार पत्रकाची नक्कल कोणी काढून देईल का? सभेच्या आधी हवी आहे.

गायकीचा पोरगा
सोमवारी जातो मी.